पडीक लहरींचें वतन

१९२१ सालच्या डिसेंबर महिन्यांत स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, आर्ड्रॉसन नांवाच्या लहानशा बंदराजवळ, एका शेतांत एक तंबू उभा होता. खालीं चिखल आणि समुद्रशैवाल, वर पावसाची झड, आणि समुद्रावरून येणारा वारा अंगांतील ऊब हिरावून नेणारा. अशा स्थितींत कानांना श्रवणयंत्र लावून एक अमेरिकन गृहस्थ रात्रीमागून रात्री जागत बसले होते. त्यांचें नांव पॉल गॉडली. अमेरिकेंतील हौशी बिनतारी मंडळींनीं त्यांना मुद्दाम अटलांटिक महासागर ओलांडून तेथें धाडलें होतें. त्यांच्याकडे काम एकच होतें. समुद्रापलीकडून, एखाद्या बलाढ्य कंपनीच्या किंवा आरमाराच्या केंद्राची नव्हे, तर आपल्या घराच्या माळ्यावर बसून यंत्र चालविणाऱ्या साध्या हौशी माणसाच्या संदेशाची चाहूल लागते काय, हें त्यांना ऐकावयाचें होतें.

हा उद्योग त्या काळच्या पुष्कळ जाणत्यांना व्यर्थ वाटला असल्यास नवल नाहीं. सुमारें २०० मीटर लांबीची आंखूड लहर थोड्याशा अंतरापलीकडे भरंवशानें पोंचत नाहीं, असें बिनतारी विद्येंतील मान्यवरांचें मत होतें. मग तिनें महासागर ओलांडणें ही गोष्ट तर बोलावयासच नको! आणि नेमक्या याच कारणासाठीं ती लहर हौशी मंडळींच्या वांट्यास आली होती. गांवांतील काळी कसदार जमीन वजनदार कुळांनीं आपसांत वांटून घ्यावी आणि उरलेलें खडकाळ माळरान एखाद्या दुर्बळ अर्जदाराच्या पदरांत टाकावें, तसा तो प्रकार होता. त्या माळरानांत पुढें जें पीक आलें, त्याची ही हकीकत आहे.

तळ्यांत खडा टाकला म्हणजे पाण्यावर वर्तुळें उठतात आणि पसरत पसरत कांठापर्यंत जातात. एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंत जें अंतर, ती त्या लहरीची लांबी. बिनतारी लहरींचेंहि असेंच आहे. फरक इतकाच कीं, त्यांना वाहून नेण्यास पाणी लागत नाहीं कीं हवा लागत नाहीं, आणि त्यांचा वेग सेकंदाला सुमारें ३ लक्ष किलोमीटर असतो. लहर जितकी आंखूड, तितकीं तिचीं स्पंदनें अधिक. २०० मीटरांची लहर सेकंदाला १५ लक्ष वेळां स्पंदन पावते. २००० मीटरांची केवळ दीड लक्ष वेळां.

या शास्त्राच्या बालपणीं आंखूड लहरींचा अनादर नव्हता. कलकत्त्यास जगदीशचंद्र बसू यांनीं १८९५ च्या सुमारास जे प्रयोग करून दाखविले, त्यांतील लहरी तर अवघ्या कांहीं मिलिमीटर लांबीच्या होत्या. परंतु दूर संदेश धाडावयाचा म्हटलें, तेव्हां अनुभव निराळा आला. १२ डिसेंबर १९०१ रोजीं मार्कोनी यांनीं इंग्लंडांतील पोल्डू येथून निघालेला तीन टिंबांचा संकेत न्यू फाउंडलंडमध्यें ऐकल्याचें जाहीर केलें. तेव्हांपासून असा समज दृढ होत गेला कीं, लहर जेवढी लांब, खांब जेवढे उंच आणि विद्युत्शक्ति जेवढी प्रचंड, तेवढा पल्ला मोठा. मग हजारों मीटर लांबीच्या लहरी, शेंकडों फूट उंचीचे मनोरे आणि कारखान्यासारखीं वीजघरें यांचें युग सुरू झालें. या युगांत सामान्य माणसाला जागा उरली नव्हती.

तरीहि तो तेथें घुसलाच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेंत शाळकरी मुलें, दुकानदार, वीजकामगार आणि इंजिनियर अशा हजारों लोकांनीं घरोघरीं बिनतारी यंत्रें उभारलीं. त्या काळच्या हौशी माणसाचें साहित्य पाहिलें तर जुन्या बाजारांतील एखाद्या दुकानाची आठवण व्हावी. मोटारगाडींतून काढलेलें ठिणगी पाडणारें वेटोळें, कांचेच्या तावदानांना कथलाचा पत्रा चिकटवून केलेलें विद्युत्संचयक, आणि धातूच्या दोन टोकांमधून कडाडणारी ठिणगी, एवढ्यावर त्याचें प्रेषक यंत्र उभें राही. ग्राहक यंत्र त्याहूनहि साधें असे. ओटच्या पिठाचा पुठ्ठ्याचा गोल डबा रिकामा झाला कीं त्यावर तांब्याची तार गुंडाळावी, शिशाच्या खनिजाचा एक खडा मिळवून त्यावर बारीक तारेचें टोंक हलकेंच टेकवावें, आणि त्यास टेलिफोनची कर्णिका जोडावी, झालें. खड्यावर नेमकी जागा सांपडेपर्यंत तारेचें टोंक इकडून तिकडे सरकवीत बसावें लागे. परंतु ती जागा एकदां सांपडली म्हणजे बाहेरच्या अंधारांतून परक्या माणसाचें बोलणें टिंबा-रेघांच्या रूपानें कानांत पडूं लागे. हा आनंद ज्यानें एकदां घेतला, त्याला दुसरा छंद सुचत नसे.

मात्र या छंदाला एक काळी बाजूहि होती. ठिणगीचें यंत्र मोठें उर्मट असतें. तें एका लहरीवर न बोलतां शेजारच्या दहा लहरींवरहि गोंगाट करतें. त्यामुळें आरमाराच्या आणि व्यापारी जहाजांच्या संदेशांत हौशी लोकांची लुडबुड होऊं लागली. कांहीं व्रात्य पोरांनीं खोटे संदेश धाडून गोंधळ उडविल्याच्या तक्रारीहि झाल्या. अशांत १५ एप्रिल १९१२ रोजीं टायटॅनिक जहाज बुडालें, आणि आकाशांतील या बेशिस्तीला आळा घातलाच पाहिजे, असें लोकमत तयार झालें. त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेनें कायदा केला. प्रत्येक प्रेषकाला परवाना आवश्यक ठरला, आणि हौशी लोकांनीं २०० मीटर व त्याहून आंखूड लहरींच्या बाहेर जाऊं नये, असें बंधन घातलें गेलें.

या कायद्यांत एक धूर्तपणाहि होता. हौशी लोकांना थेट बंदी केली असती तर ओरड झाली असती. त्यापेक्षां, जेथून आवाज दूर जाणारच नाहीं अशा कोपऱ्यांत त्यांना बसविलें, तर त्यांचा उत्साह आपोआप मावळेल, असा पुष्कळांचा हिशेब होता. कायद्याच्या भाषेंत हें दान होतें. व्यवहारांत ती हद्दपारी होती.

येथें हायरम पर्सी मॅक्सिम या गृहस्थांचा प्रवेश होतो. मशीनगनचे शोधक हायरम मॅक्सिम यांचे हे चिरंजीव. वडिलांनीं अखंड गर्जणारी बंदूक निर्माण केली, तर मुलानें बंदुकीचा आवाज दाबणारें यंत्र काढलें. आणि हौस मात्र धरली दूरदूरचे आवाज ऐकण्याची! कनेक्टिकट प्रांतांतील हार्टफर्ड या गांवीं त्यांचें स्वतःचें बिनतारी केंद्र होतें. १९१४ च्या वसंत ऋतूंत त्यांना स्प्रिंगफील्ड येथील एका हौशी माणसाशीं बोलावयाचें होतें. अंतर फार नव्हतें, परंतु त्यांचा संदेश तेथपर्यंत पोंचेना. तेव्हां त्यांना आठवण झाली कीं, वाटेंतील विंडसर लॉक्स या गांवीं आपला एक परिचित हौशी आहे. त्याला त्यांनीं निरोप दिला, त्यानें तो पुढें पोंचविला, आणि उत्तरहि त्याच वाटेनें परत आलें.

गोष्ट दिसावयास किरकोळ होती, परंतु मॅक्सिम यांनीं तिच्यांतील मर्म ओळखलें. पूर्वीं डाकेचे हरकारे टप्प्याटप्प्यानें थैली पुढें देत. एकाच हरकाऱ्यानें शेंकडों कोस धांवावें अशी कोणाची अपेक्षा नसे. तसेंच येथें कां करूं नये? प्रत्येकाची लहर दुबळी असेना. देशभर विखुरलेल्या दुबळ्यांनीं एकमेकांचा निरोप पुढें न्यावयाचें ठरविलें, तर हद्दपारीचा अर्थच नाहींसा होतो. या विचारांतून १९१४ च्या मे महिन्यांत अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था जन्मास आली. वर्ष संपण्यापूर्वींच तिच्या जाळ्यांत दोनशेंहून अधिक केंद्रें आलीं. १९१५ च्या डिसेंबरांत तिचें मासिक निघूं लागलें. १९१७ च्या फेब्रुवारींत तर न्यू यॉर्कहून निघालेला निरोप टप्प्याटप्प्यानें पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्नियांत जाऊन त्याचें उत्तर सुमारें ८० मिनिटांत परत आलें. कायद्यानें लहर आंखूड केली, पण माणसांची सांखळी लांब झाली.

दोनच महिन्यांनीं अमेरिका महायुद्धांत उतरली आणि सर्व हौशी केंद्रें बंद करण्याचा हुकूम सुटला. खांब उतरले, तारा गुंडाळल्या गेल्या. हजारों हौशी तरुण सैन्याच्या बिनतारी दळांत गेले आणि तेथें त्यांच्या हातीं एक नवें साधन आलें. तें म्हणजे निर्वात नळी. फ्लेमिंग यांनीं १९०४ त आणि डी फॉरेस्ट यांनीं १९०६ त तिचा पाया घातला होता. एडविन आर्मस्ट्राँग यांनीं तिच्याकडून दुबळा संकेत अनेक पटींनीं वाढवून घेण्याची युक्ति शोधली होती. ठिणगीचा कर्कश गोंगाट जाऊन त्याच्या जागीं नळीचा स्वच्छ, एकसुरी स्वर आला. १९१९ च्या अखेरीस बंदी उठली, तेव्हां घरीं परतलेल्या या मंडळींपाशीं जुनी हौस होती आणि नवी विद्याहि होती.

याच मंडळींनीं गॉडली यांना आर्ड्रॉसनला धाडलें. तंबूपासून त्यांनीं हजार फुटांहून अधिक लांबीची एक तार जमिनीपासून थोड्या उंचीवर अमेरिकेच्या दिशेनें ताणली होती. ठरलेल्या रात्रीं अमेरिकेंतील हौशी केंद्रांनीं आळीपाळीनें आपापले संकेत सोडावयाचे होते. पहिल्या रात्रींत कांहीं संकेत आले, पण पुसट. मग १२ डिसेंबरच्या पहाटे कनेक्टिकटमधील ग्रेनिच येथील एका केंद्राचा संपूर्ण संदेश त्यांनीं शब्दशः उतरून घेतला. हें केंद्र आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या हौशी मित्रांनीं मिळून बांधलें होतें. त्याची शक्ति सुमारें एक किलोवॅट, म्हणजे घरगुती पाणी तापविण्याच्या शेगडीएवढी! मार्कोनी यांच्या प्रयोगास त्या दिवशीं बरोबर वीस वर्षें पुरीं होत होतीं. त्या पंधरवड्यांत गॉडली यांनीं दोन डझनांहून अधिक अमेरिकन हौशी केंद्रें ओळखलीं. इंग्लंडांतील कांहीं हौशी मंडळींनींहि तीं ऐकलीं.

निरोप पोंचला, आतां संभाषण व्हावयाचें होतें. त्यासाठीं हौशी लोकांनीं उलट दिशा धरली आणि लहर आणखी आंखूड केली. १९२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस या शहरांतून लेऑं देलॉय यांनीं सुमारें ११० मीटरांच्या लहरीवर साद घातली आणि अमेरिकेंतील फ्रेड श्नेल यांनीं तिला उत्तर दिलें. अटलांटिकच्या दोन तीरांवरील दोन हौशी माणसें प्रथमच समोरासमोर बसल्यासारखीं बोललीं. जॉन राइनार्ट्झ हे तिसरे गृहस्थहि त्याच रात्रीं त्यांत सामील झाले.

याहून मोठें आश्चर्य पुढच्याच वर्षीं घडलें. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर शॅग व्हॅली नांवाचा मेंढ्यांचा एक मोठा मळा आहे. तेथें फ्रँक बेल यांचें हौशी केंद्र होतें. १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं त्यांच्या हांकेला लंडनजवळील मिल हिल शाळेंतून उत्तर आलें. उत्तर देणारा सेसिल गॉयडर हा त्या शाळेंतील अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. न्यूझीलंड आणि इंग्लंड म्हणजे पृथ्वीच्या गोलाचीं जवळजवळ दोन विरुद्ध टोंकें. यापेक्षां अधिक अंतर या पृथ्वीवर फारसें उरतच नाहीं. जी लहर थोड्याशा अंतरापलीकडे निरुपयोगी म्हणून टाकून दिली होती, तिनें एका शाळकरी मुलाच्या हातून पृथ्वीला वळसा घातला. फ्रँक बेल यांची बहीण ब्रेंडा हिनेंहि पुढें हेंच केंद्र चालविलें आणि ती न्यूझीलंडची पहिली हौशी स्त्री प्रेषक ठरली.

शास्त्रज्ञांचा अंदाज चुकला कसा? याचें उत्तर आकाशांत होतें. विजापूरच्या गोलघुमटांत सज्जाच्या एका बाजूस कुजबुजलेला शब्द समोरच्या बाजूस स्पष्ट ऐकूं येतो, हें पुष्कळांनीं अनुभविलें असेल. मधल्या मोकळ्या जागेंतून तो शब्द सरळ पोंचला नसता. घुमटाच्या भिंती त्याला आधार देतात. पृथ्वीच्या सभोंवतींहि असाच एक घुमट आहे. सूर्यकिरणांच्या आघातानें वातावरणाच्या वरच्या भागांत, सुमारें शंभर किलोमीटर व त्याहून अधिक उंचीवर, विद्युद्भारित कणांचे थर निर्माण होतात. केनेली आणि हेविसाइड यांनीं १९०२ तच असा थर असावा असें अनुमान केलें होतें. जमिनीलगत जाणारी आंखूड लहर लवकर क्षीण होते हें खरेंच. तेवढ्यापुरतें जुन्या मंडळींचें मत चुकीचें नव्हतें. परंतु तीच लहर वर जाऊन या थरावरून परत वळते, पृथ्वीवर उतरते, पुन्हां उसळते, आणि अशा उड्या घेत हजारों मैल जाते. तिच्या उडीखालच्या गांवांना तिची दादहि नसते आणि समुद्रापलीकडच्या गांवीं ती स्वच्छ ऐकूं येते. १९२४ च्या डिसेंबरांत ॲपल्टन व बार्नेट यांनीं हा थर प्रयोगानें सिद्ध केला. ॲपल्टन यांना १९४७ त नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनीं याच विषयाच्या अभ्यासांत जगन्मान्य कार्य केलें.

माळरानांत सोनें सांपडल्याची वार्ता फुटल्यावर पुढें काय घडतें, हें सांगावयास नको. मार्कोनी व त्यांचे सहकारी फ्रँकलिन हेहि याच सुमारास आंखूड लहरींचे स्वतंत्र प्रयोग करीत होते. १९२४ त ब्रिटिश सरकारनें दीर्घ लहरींचा साम्राज्यव्यापी बेत बाजूस सारून आंखूड लहरींच्या झोतावर चालणाऱ्या केंद्रांचा करार मार्कोनी कंपनीशीं केला. त्या योजनेंतील हिंदुस्थानचें केंद्र महाराष्ट्रांतच उभें राहिलें. पुण्याजवळ खडकी येथें प्रेषक आणि दौंड येथें ग्राहक. १९२७ सालीं खडकीहून इंग्लंडकडे बिनतारी तारा जाऊं लागल्या. समुद्राच्या तळाशीं अपार द्रव्य पुरलेल्या केबल कंपन्यांना ही स्पर्धा इतकी जड गेली कीं, थोड्याच वर्षांत केबल आणि बिनतारी या दोन्हीं धंद्यांचें एकीकरण करावें लागलें.

त्याच १९२७ सालीं वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आतां आंखूड लहरींवर प्रत्येक राष्ट्राची आणि कंपनीची नजर होती. हौशी मंडळींनीं दोन वर्षांपूर्वींच पॅरिस येथें आपला आंतरराष्ट्रीय संघ स्थापून मॅक्सिम यांना अध्यक्ष केलें होतें, म्हणून त्यांचा आवाज निदान ऐकला तरी गेला. त्यांचें सारें माळरान त्यांना परत मिळालें नाहीं. १६०, ८०, ४०, २० अशा मीटरांच्या आसपास कांहीं अरुंद पट्टे तेवढे त्यांच्यासाठीं राखून ठेवण्यांत आले. हद्दपारीचा प्रदेश संपन्न निघाला आणि मूळ रहिवाशांना त्यांतील चार वाफे मिळाले. परंतु ते वाफे आंतरराष्ट्रीय कराराने मिळाले होते. कोणाच्या उपेक्षेनें नव्हे.

या कथेचा एक धागा हिंदुस्थानच्या नभोवाणीशींहि जुळलेला आहे. मिल हिल शाळेंतला तो विद्यार्थी, सेसिल गॉयडर, पुढें बी. बी. सी. त इंजिनियर झाला आणि १९३६ त ऑल इंडिया रेडिओचा मुख्य इंजिनियर म्हणून या देशांत आला. एवढा अफाट देश मध्यम लहरींच्या केंद्रांनीं व्यापावयाचा तर शेंकडों केंद्रें लागलीं असतीं आणि तेवढें द्रव्य खात्यापाशीं नव्हतें. त्यांनीं आंखूड लहरींचा आश्रय घेतला. १९३७-३८ त दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथें आंखूड लहरींचीं प्रेषक यंत्रें उभीं राहिलीं. विदर्भांतल्या एखाद्या खेड्यांत मुंबईचें गाणें ऐकूं येऊं लागलें, त्यामागें हौशी लोकांनीं शोधलेली तीच वाट होती.

हिंदुस्थानांतील हौशी प्रेषकांचा इतिहास १९२१ पासून सांगतात. त्या वर्षीं अमरेंद्रचंद्र गुप्त आणि मुकुल बोस हे दोघे बंगाली गृहस्थ हौशी केंद्रें चालवीत होते. १९२३-२४ त कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें रेडिओ क्लब निघाले आणि या देशांतील ध्वनिक्षेपणाचा पहिला प्रयत्न या क्लबांनींच केला. सरकारी पाठबळावर नव्हे, तर सभासदांच्या वर्गणीवर! तथापि परवानाधारक हौशी प्रेषकांची संख्या येथें अखेरपर्यंत मोजकीच राहिली, आणि त्यांतहि गोऱ्या अधिकाऱ्यांचा भरणा अधिक होता. परतंत्र देशांत प्रजेच्या हातीं दूरवर बोलण्याचें साधन असणें राज्यकर्त्यांना रुचण्यासारखें नव्हतें. १९३९ त दुसरें महायुद्ध सुरू होतांच हौशी लोकांनीं आपलीं यंत्रें पोलिसांच्या हवालीं करावीं, असा हुकूम निघाला.

यंत्र हवालीं करतां येतें. हातांतील विद्या हवालीं करतां येत नाहीं. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं पहाटे मुंबईंत राष्ट्रीय पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि वृत्तपत्रांवर दडपण आलें. तेव्हां उषा मेहता या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं गुप्त नभोवाणी काढावयाचें ठरविलें. द्रव्य जमविणें एक वेळ सोपें होतें, परंतु प्रेषक यंत्र बांधणारा माणूस कोठून आणावयाचा? तो हौशी मंडळींतच सांपडण्याजोगा होता. युद्धापूर्वीं हौशी परवाना असलेले नरिमन प्रिंटर यांच्या साह्यानें यंत्र उभें राहिलें, आणि ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस सुमारें ४२ मीटरांच्या लहरीवर काँग्रेस रेडिओ बोलूं लागला. हौशी लोकांच्या ४० मीटरांच्या पट्ट्याचा तो अगदीं शेजार होता. पोलिसांच्या शोधक गाड्यांना चुकविण्यासाठीं यंत्र मुंबईंतल्या मुंबईंत एका घरांतून दुसऱ्या घरांत हलवावें लागे. चितगांववरील बाँबवर्षाव, जमशेदपूरचा संप, विदर्भांतील आष्टी-चिमूर येथील अत्याचार, अशा ज्या बातम्या छापण्यास वृत्तपत्रांना वाव नव्हता, त्या या लहरीवरून लोकांच्या कानीं गेल्या. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं मदतीस असलेल्या एका तंत्रज्ञाकडून ठिकाण फुटलें आणि प्रक्षेपण चालू असतांनाच धाड पडली. उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ त त्या सुटल्या. स्वतंत्र भारतानें १९९८ त त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविलें.

काँग्रेस रेडिओ हें हौशी केंद्र नव्हतें, हें खरें; हौशी माणसाला राजकारण, व्यापार व करमणूक या तिन्हींची लहरीवर बंदी असते. परंतु अडीच महिन्यांच्या त्या प्रकरणानें एक गोष्ट दाखवून दिली. ज्या देशांत चार माणसांना स्वतःच्या हातानें प्रेषक यंत्र बांधतां येतें, त्या देशाला सर्वस्वीं मुका करणें कठीण असतें.

स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ रोजीं महू येथील लष्करी सिग्नल शाळेंत हौशी प्रेषकांचा अखिल भारतीय क्लब स्थापन झाला. तोच पुढें दिल्लीस जाऊन अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाला. यंत्रें महाग आणि आयातीवरील जकात भारी, म्हणून पुष्कळांनीं युद्धांतून मोडींत निघालेल्या लष्करी यंत्रांची डागडुजी करून आपलीं केंद्रें चालविलीं. परीक्षा द्यावी, सरकारी परवाना घ्यावा, व्हीयू या अक्षरांनीं सुरू होणारें आपलें संकेतनाम मिळवावें, आणि मग जगांतील कोणाहि अपरिचितास हांक मारावी, असा हा शिस्तीचा छंद आहे. संभाषण झालें कीं दोघे एकमेकांस टपालानें छापील पत्रिका धाडतात. अशा पत्रिकांनीं भरलेल्या भिंती हेंच या लोकांचें वैभव.

मॅक्सिम यांनीं कल्पिलेली सांखळीहि रूप बदलून टिकली. ठरलेल्या वेळीं, ठरलेल्या लहरीवर अनेक केंद्रें एकत्र येतात. त्यांतील एक सूत्रधार होतो, प्रत्येकाची हजेरी घेतो, आणि त्यानें नांव पुकारल्याखेरीज कोणी मध्यें बोलत नाहीं. कोणापाशीं तातडीचा निरोप असेल तर इतर सर्व गप्प बसतात. या जाळ्याला मंडळी नेट म्हणतात. एरवीं त्यांत हवापाण्याच्या आणि यंत्राच्या गोष्टी चालतात. परंतु रोजच्या या हजेरीचें मोल संकटाच्या दिवशीं कळतें. १९९९ चें ओरिसांतील चक्रीवादळ आणि २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप या दोन्हीं प्रसंगीं टेलिफोन मुके झाले असतां हौशी केंद्रांनीं निरोपांची ने-आण केली. २००४ च्या डिसेंबरांत भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालीं हौशी प्रेषकांची एक तुकडी अंदमानांत पोर्ट ब्लेअर येथें गेली होती. तेथून हौशी प्रक्षेपणास अनेक वर्षांनीं परवानगी मिळाली होती आणि जगभरचे हौशी त्यांच्याशीं दोन शब्द बोलण्यास उत्सुक होते. २६ डिसेंबरला समुद्र खवळून किनाऱ्यावर चढला. त्या क्षणीं छंद संपला आणि सेवा सुरू झाली. बेटांवर अडकलेल्या माणसांची खुशाली त्यांच्या लहरीवरून मुख्य भूमीवरील आप्तांना कळूं लागली.

आतां टेलिफोन प्रत्येकाच्या खिशांत आला असतां या खटाटोपाची गरज काय, असा प्रश्न सहज पडतो. परंतु खिशांतील टेलिफोन मनोऱ्यावर अवलंबून, मनोरा विजेवर आणि केबलवर अवलंबून. सांखळीची एक कडी तुटली कीं सारें थांबतें. हौशी माणसापाशीं एक तार, एक बॅटरी आणि डोक्यावरचें आकाश एवढें असलें कीं पुरतें. तें आकाश कोणत्याहि कंपनीच्या मालकीचें नाहीं, आणि तेथील घुमट आपोआप दुरुस्त होतो. रोज सूर्य उगवला कीं तो नव्यानें उभा राहतो.

१२ डिसेंबर १९६१ रोजीं, मार्कोनी यांच्या प्रयोगास साठ वर्षें व आर्ड्रॉसनच्या त्या पहाटेस चाळीस वर्षें पुरीं होत असतां, कॅलिफोर्नियांतील हौशी मंडळींनीं घरगुती हत्यारांनीं बनविलेला एक लहानसा उपग्रह अंतराळांत गेला आणि मोर्सच्या लिपींत अभिवादनाचीं दोन अक्षरें उच्चारीत पृथ्वीभोंवतीं फिरूं लागला. ५ मे २००५ रोजीं भारतीय अंतराळ संस्थेनें हॅमसॅट हा हौशी लोकांचा उपग्रह सोडला आणि त्यानें नऊ वर्षांहून अधिक काळ सेवा दिली. निरुपयोगी म्हणून दिलेल्या माळरानाची सीमा अशी आकाशापलीकडे गेली. ज्यांनीं तें माळरान दिलें, त्यांना त्याची किंमत ठाऊक नव्हती. ज्यांनीं घेतलें, त्यांनाहि ती आरंभीं ठाऊक नव्हती. दोघांत अंतर एवढेंच होतें कीं, एकांनीं पुस्तकांतील उत्तरावर समाधान मानलें, आणि दुसरे पावसांत तंबू ठोकून ऐकत बसले.